पुढच्या सीटवर कोण होतं?

१

सरलाबाईंच्या लेकीला, योगिताला, लग्नाला नऊ वर्षं उलटल्यावर मुलगी झाली, ते दोन हजार चोवीस साल. उन्हाळ्यात बारसं झालं, पांडेसऱ्याची अख्खी गल्ली जेवून गेली. आणि श्रावणात त्याच गल्लीनं सरलाबाईंच्या मुलाला, ललितला, खांदा दिला.

त्याला महिना होत आला तेव्हा हसमुखभाई दारात आले. भेस्तानला त्यांचा कारखाना होता आणि ललित तिथे इंजिनियर होता. सोबत त्यांचा भाचा निखिल होता, उंच आणि आडव्या हाडाचा. अपघाताच्या दिवशी ललितबरोबर गाडीत तोच होता, आणि तोच वाचला होता. एरवी हा पोरगा सरलाबाईंच्या हातची कळण्याची भाकर मागून खायचा. आज तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"बेन, छोकरा आमचापण होता," हसमुखभाई म्हणाले. "पण झालं ते झालं. एवढ्या कागदावर सही करून द्या, पोलिसांची झंझट मिटून जाईल."

कागद हिंदीत होता. सरलाबाईंनी तो बोट ठेवून वाचला. गाडी ललित चालवत होता, बेफिकिरीनं चालवत होता. गाडीतली सेन्सरची चटई त्यानंच बनवली होती आणि ऐन वेळी तीही चुकली. घरच्यांची कुणाविरुद्ध तक्रार नाही.

"चटई चुकली?" सरलाबाईंनी मान वर केली.

"चुकली ना, मासी," निखिल बाहेरूनच म्हणाला. "मी तिच्यावर बसलो होतो. माझ्या बाजूची एअरबॅग उघडलीच नाही. वाचलो ते नशीब. आता शनिवारी सगळ्या चटया भंगारात जाणार."

सरलाबाईंनी पेन मागितलं. अक्षरं त्या उशिरा शिकल्या होत्या, तीही ललितच्या जुन्या पाटीवर, म्हणून एकेक अक्षर त्या ओटा सारवल्यासारखं सावकाश काढायच्या. हसमुखभाई थांबून राहिले. सहीच्या जागी सरलाबाईंनी लिहिलं, 'नाही'.

"बेन, हे काय?"

"वाचता येतं ना तुम्हाला? माझ्या पोराला मारलं एकदा. आता त्याचं नाव मारायला निघालात, त्याच्यावर माझी सही मिळणार नाही."

ते गेल्यावर आतून कमल आली. ही सरलाबाईंची नणंद, सरलाबाईंचे यजमान भिकनराव गेल्यापासून इथेच राहणारी. "हाई काय करं व वहिनी? मोठा लोकं शेत त्या."

"जे करं ते बराबर करं," सरलाबाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याच दाराची कडी वाजली. बाहेर चाळिशीची एक बाई उभी होती, खांद्याला पिशवी, पायात धुळीनं भरलेले बूट. नमस्कारही न करता तिनं विचारलं, "मावशी, मला एक कळत नाही. आपल्याच कारखान्याचा माल खराब आहे असं ओरडून कोण सांगतं?"

२

तिचं नाव नूतन वाघ. वडील बँकेत होते म्हणून ती सुरतेतच वाढली. आता विमा कंपनीत होती आणि मोडलेल्या गाड्यांचा तपास करायची. दिलेला चहा तिनं हातात धरला आणि गार होईपर्यंत तोंडाला लावला नाही.

"माझ्या साहेबांना फाईल बंद हवी आहे," ती म्हणाली. "तुमच्या त्या 'नाही'मुळे ती अडली. म्हणून म्हटलं, हे लिहिणारी बाई बघून तरी यावी."

"बघितलीत?"

"बघितली. आता चटईचं सांगा."

सरलाबाईंनी ललितनं सांगितलं होतं तसं सांगितलं. गाडी आदळली की एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते. मोठ्या माणसाचा जीव वाचवते, पण समोर लेकरू असलं तर त्याच दणक्यानं लेकराचा जीव घेते. आणि आपल्याकडच्या बायका बाळाला मांडीवर घेऊन पुढेच बसतात, किती सांगा. ललितला त्याचीच चिंता होती. त्यानं जरीची तार घालून चटई विणून घेतली. ती पुढच्या सीटच्या कापडाखाली बसायची आणि वर कोण बसलंय, केवढा भार आहे, तो कसा पसरलाय, ते ओळखायची. मोठं माणूस असेल तर एअरबॅग चालू. लेकरू किंवा बाळ घेतलेली बाई असेल तर बंद. तसा समोर पिवळा दिवाही लागायचा.

"योगिताच्या मुलीला घेऊन मीच बसले होते तिच्यावर," सरलाबाई म्हणाल्या. "एकटी बसले तेव्हा दिवा नव्हता. बाळ मांडीवर घेतलं, लागला. चटईनं आम्हा दोघींना ओळखलं, ताई. ती खोटं बोलत नाही."

नूतननं पिशवीतून एक कागद काढून जमिनीवर पसरला. काळ्या चौकोनात दोनच उजळ पट्ट्या होत्या, सरळ, एकमेकींना समांतर, फूटपट्टीनं आखल्यासारख्या.

"गाडी आदळायच्या क्षणी चटईला हे दिसलं. गाडीच्या डबीत ते साठवलं जातं. सीटचा पट्टा लावलेला होता. भार लहान मुलाएवढा. म्हणून त्या बाजूची एअरबॅग बंद राहिली. चालवणाऱ्याची उघडली."

"आणि निखिल म्हणतो तो तिथे होता?"

"म्हणतो. कारखान्याचं म्हणणं असं, की चटईच्या तारा तुटल्या होत्या, दोनच ओळी चालू राहिल्या, म्हणून पहिलवानासारखा माणूस तिला लेकराएवढा वाटला." नूतननं गार चहा एका घोटात संपवला. "तसं असेल तर चूक चटईची. नाहीतर चूक विणणाऱ्याची. आणि दोन्ही नसेल, तर मावशी, कुणीतरी माणूस खोटं बोलतोय. उद्या माझ्याबरोबर भेस्तानला येता का?"

"चपला घालू का आत्ताच?" सरलाबाई म्हणाल्या.

३

मोडलेली गाडी कारखान्याच्या मागच्या अंगणात उभी होती. नाक पार आत गेलेलं. पर्वत पाटियाच्या चौकाजवळ ती उभ्या ट्रकवर आदळली होती. सरलाबाईंनी एकदा डोळे भरून पाहिलं आणि मग पदर खोचला.

वाल्मिक आधीच तिथे होता. चटया तोच विणायचा, आणि अपघातानंतर कारखान्यात त्याच्याशी कुणी धड बोलत नव्हतं.

"काकू, माझ्या विणीत खोट असेल तर हात तोडून देतो," तो सरलाबाईंना म्हणाला.

"हात ठेव तुझ्याजवळ. बाईंना उत्तर दे."

हसमुखभाई लगबगीनं आले. "मॅडम, हे काय सगळं फिरून उकरता? वाल्मिकनं तार हलकी वापरली असणार."

"तार कोण आणतं? तुम्ही!" वाल्मिक उसळला. "हलकी तार तुम्हीच मागवली होती, शेठ. ललितनं परत पाठवली. भांडण सगळ्या खात्यानं ऐकलं."

हसमुखभाईंनी रुमालानं मान पुसली. "मागवली होती, ना नाही. पण या गाडीत जुनीच तार आहे. विचारा त्याला."

"जुनीच आहे," वाल्मिक म्हणाला. "ही चटई ललितनं उभं राहून विणून घेतली."

नूतनचं लक्ष दोघांकडे नव्हतं. तिनं चटईची वायर आपल्या लॅपटॉपला जोडली आणि पुढच्या डाव्या सीटकडे बोट दाखवलं. "वाल्मिकभाऊ, बसा."

"मी? वजनावरून काही बोलायचं नाही हं."

तो बसला. पडद्यावर दोन मोठे गोल ठसे उमटले, पुढे मांड्यांचे लांबट डाग. तुटक काही नाही. नूतन बसली, तिचेही गोल, थोडे लहान. मग सरलाबाई बसल्या. मुलाच्या हातच्या चटईवर त्या पाठ ताठ करून बसल्या, आणि पडद्यावर त्यांचाही ठसा आला, स्वच्छ, पूर्ण.

"एकही तार तुटलेली नाही," नूतन म्हणाली. "अपघात सोसूनसुद्धा नाही."

हसमुखभाई पडद्याजवळ वाकले. त्यांचा चेहरा खरोखरच गोंधळला होता. "पण निखिल तर म्हणत होता, त्यानं तपासली…"

"कारखान्यात तपासायला तोच एक आहे का?"

"ललितच्या मागे तोच."

नूतननं सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढला. छातीवरून जातो त्या भागात, आतल्या बाजूला, लालसर डाग वाळला होता. तळहाताएवढा. तिनं तो उन्हात धरला.

"हसमुखभाई, तुमच्या भाच्याला छातीला कुठे लागलं होतं?"

"छे! काही नाही. भगवाननी मेहरबानी, ओरखडासुद्धा नाही."

"मग हे लाल कुणाचं?"

४

निखिल वरच्या ऑफिसात होता. पंखा गरगरत होता, तरी त्याच्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद होत्या. नूतननं विचारलं त्या सगळ्याला त्याच्याकडे उत्तर होतं.

"आज चालते ना मॅडम, कारण आज चटई कोरडी आहे. त्या दिवशी माझी पाण्याची बाटली सांडली होती. ओल्या चटईत करंट इकडचा तिकडे जातो. ललितनं त्याचा विचारच नव्हता केला."

"सीटच्या शिवणीत वाळू आहे."

"सुरतमध्ये वाळू कुठे नाही?"

"आणि पट्ट्यावरचा डाग?"

"ललितला ओढून काढला तेव्हा लागलं असेल. रक्त होतं ना, सगळीकडे." त्यानं सरलाबाईंकडे पाहायचं टाळलं.

"पोरा," सरलाबाई म्हणाल्या, "मला पाणी दे."

तो उठला. कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरून त्यानं दोन्ही हातांनी पुढे केला, तशा बाह्या मागे सरकल्या. दोन्ही मनगटांच्या आतल्या बाजूची कातडी तांबूस होती, सोलून नवी आलेली.

"हे काय झालं?"

"डाईंगची वाफ, मासी, कापड रंगवताना." त्यानं बाह्या खाली ओढल्या.

जिना उतरताना नूतन हळूच म्हणाली, "स्टिअरिंग धरलेलं असताना समोरची एअरबॅग फुटली, की गरम हवेनं मनगटं आतून अशीच पोळतात. पण वाफेनंही पोळतात. एवढ्यावर कुणी मानणार नाही. वाळूही नुसती वाळूच राहील. मला पुढच्या सीटवर कोण होतं ते हवं. लेकराएवढं वजन, पट्टा बांधलेला, आणि बूड गोल नाही, सरळ दोन पट्ट्या. असं कोण असतं, मावशी?"

दुपार कलली होती. सरलाबाईंनी नूतनला घरी जेवायलाच नेलं.

कमलनं पाट मांडला, ताट वाढलं. डाळगंडोरी, भाकर, ठेचा. नूतन मुकाट्यानं जेवत होती. एका घासाला ठेचा जास्त लागला आणि ती पाण्यासाठी घाईनं उठली. माठापाशी जाऊन पाणी प्यायली.

"माठाखाली तिवई नुसतीच?" ती सहज म्हणाली. "माझ्या शेजारच्या शिरपूरच्या बाई माठाखाली वाळू ठेवतात."

"आम्ही पण ठेवतो," सरलाबाई म्हणाल्या. "कानबाईची वाळू. श्रावणात आमची कानबाई बसते, सोमवारी तापीत बुडवतात. मग तापीचीच वाळू पाटावर घ्यायची, तिलाच हळदकुंकू वाहायचं, देवी म्हणून घरी आणायची. ती वर्षभर माठाखाली. यंदा… यंदा सोमवारीच तर तो गेला."

तेवढ्यात कमलनं जेवून झालेला पाट उचलून भिंतीशी उभा केला. नूतनची नजर त्याच्या पाठीवर गेली. फळीखाली लाकडाच्या दोन आडव्या पट्ट्या ठोकलेल्या होत्या. सरळ, समांतर.

तिनं पिशवीतला कागद काढून पाटाशेजारी धरला. तशाच दोन पट्ट्या.

"मावशी," नूतन म्हणाली, "कानबाईचा पाट कुठे आहे?"

सरलाबाईंनी कमलकडे पाहिलं. "तुनाकडे शे ना?"

कमलचा हात तोंडावर गेला. "मनाकडे? मी तर समजनू तुनाकडे शे!"

५

चूक अशी झाली होती, की ती त्यांच्याच घरात होऊ शकत होती.

विसर्जनाला दोन टेम्पो होते. पुढच्यात सरलाबाई, मागच्यात कमल. वाळूचा पाट ललितच्या डोक्यावर होता. सरलाबाईंना वाटलं, तो मागच्या टेम्पोत चढला. कमलला वाटलं, पुढच्या. घरी पोचायच्या आत फोन आला. मग सुतक. सुतकात देवाच्या वस्तूला हात लावायचा नाही, तिचं नावही काढायचं नाही. तेरा दिवस पाटाची गोष्ट कुणी बोललं नाही, आणि सुतक फिटल्यावर दोघींनाही वाटलं, दुसरीनं तो कधीच उचलून ठेवला असेल.

"म्हणजे ललित पाट घेऊन निखिलच्या गाडीत बसला," नूतन म्हणाली.

"त्या दिवशी कारखान्यात गाडी बघायला बाहेरचे लोक येणार होते. निखिलनं नदीवरूनच उचललं असेल त्याला. वाटेत घरी पाट द्यायचा, पुढे भेस्तान." सरलाबाई आता भराभर बोलत होत्या. "ताई, आमच्यात ती वाळू घरी येईपर्यंत भुईला टेकवत नाहीत. देवीला मागे टाकून आपण पुढे बसत नाही. माझ्या पोरानं देवीला पुढे बसवलं असणार. पट्टा बांधला असणार."

"आणि पट्ट्यावरचं ते रक्त नाही. ओलं कुंकू आहे."

"मग तो स्वतः?"

नूतननं कागद पिशवीत घातला. पुढे दोनच जागा असतात, आणि मनगटं निखिलची पोळली होती.

"पाट मिळायला हवा," ती एवढंच म्हणाली.

तिघी तशाच पर्वत पाटियाला गेल्या. तिथे ट्रक उभे राहतात त्या कडेला, सखुबाईची चहाची टपरी होती. पारोळ्याकडची बाई. सरलाबाईंनी तिच्याशी अहिराणीत दोन शब्द बोलताच ती गल्ला सोडून बाहेर आली.

"पाट? शे ना माय. देवीना पाट कचरामा कसा टाकू?"

टपरीमागे पिंपळ होता, शेंदूर फासलेला एक दगड, त्याच्याशेजारी भंगलेल्या तसबिरी. त्यांच्यात तो पाट टेकवून ठेवलेला होता. एका कोपऱ्याला चिरलेला, फळीवर कुंकू अजून धरलेलं. सरलाबाईंनी तो छातीशी धरला.

"तुमच्याकडे कसा आला?" नूतननं विचारलं.

"आवाज झाला तशी मी धावत गेले. एक पोरगं रस्त्यावर आडवं, लोक त्याच्याभोवती. दुसरा, तो उंच, गाडीत वाकून दोन्ही हातांनी वाळू झाडत होता. पाट बाहेर काढला, बाटलीतलं पाणी सीटवर ओतलं, पट्टा पुसला. मी म्हटलं, काय भक्तिभाव आहे पोराचा! एवढ्या गडबडीतसुद्धा देवीची वाळू कुणाच्या पायाखाली यायला नको म्हणून झाडतोय. पाट मीच मागून घेतला त्याच्याकडून." सखुबाई थबकली. तिनं सरलाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "ते आडवं पडलेलं… तुमचं होतं?"

सरलाबाईंनी मान डोलावली.

"माय वो," सखुबाई खाली बसली. "आणि मी त्या दुसऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवला."

परतताना रिक्षात कमल रडत होती. "वहिनी, देवीसाठी मांगे बसना तो. पुढे बसता तं वाचता. देवीनीच…"

"कमल!" सरलाबाईंचा आवाज असा कडाडला की रिक्षावाल्यानं मागे वळून पाहिलं. "देवीनं नाही मारलं त्याला. गाडी चालवणाऱ्यानं मारलं. पुन्हा हे बोललीस तर रिक्षातून उतरवीन."

मग त्या नूतनकडे वळल्या. "उद्या शनिवार. चटया भंगारात जायच्या आत मला तिथे जायचंय. पाट घेऊन."

"नदीवरून जाऊ," नूतन म्हणाली. "वाळू लागेल."

६

अंगणात चटया रचून ठेवल्या होत्या, भंगाराचा टेम्पो उभा होता. सरलाबाई टेम्पोच्या फाळक्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर पाट, पाटावर तापीची ओली वाळू, गळ्यापर्यंत पाणी ओघळलेलं.

"माल भरायचा नाही," त्या म्हणाल्या.

"बेन, रस्ता सोडा," हसमुखभाई म्हणाले.

"ही तापी आमच्या गावावरून वाहत येते. तुमच्या सुरतेत पोचायच्या आधी ती आमची. तिची वाळू डोक्यावर आहे. हात लावून बघा मला."

कुणी लावला नाही. निखिल जिन्यावरून उतरत होता. पाट दिसला आणि त्याचा पाय पायरीवरच राहिला.

नूतननं वायर जोडली. सरलाबाईंनी पाट पुढच्या सीटवर ठेवला, पट्टा ओढून वाळूवरून बांधला. पडदा उजळला. काळ्या चौकोनात दोन पट्ट्या, सरळ, समांतर. नूतननं शेजारी अपघाताचा कागद धरला. वाल्मिक, हसमुखभाई, टेम्पोचे हमाल, सगळे वाकून पाहत होते. समोर पिवळा दिवा लागला.

"चटई ओली आहे आता," नूतन म्हणाली. "पाणी अजून गळतंय. तरी चुकली नाही. त्या दिवशीही नव्हती चुकली. तिनं बरोबर ओळखलं, की इथे मोठं माणूस नाही. निखिलभाई, तुम्ही म्हणालात मी इथे होतो. इथे कानबाई होती. एका सीटवर दोघं मावत नाहीत."

"पाट… पाट मांडीवर असेल," निखिल म्हणाला.

"मग ठसा तुमचा उमटला असता, पाटाचा नाही. भारही तुमचा धरून दिसला असता. बाळ मांडीवर घेतलेल्या बाईलासुद्धा ही चटई ओळखते. आणि तुम्ही आम्हाला वाळू, पाणी, डाग, सगळ्याची कारणं दिलीत. फक्त पाटाचं नाव एकदाही घेतलं नाहीत. का? पाट आला की त्याला जागा द्यावी लागते, आणि ती जागा तुम्ही घेऊन बसला होतात."

"बसला होता फक्त बोलण्यात," वाल्मिक म्हणाला.

"निखिल," हसमुखभाई म्हणाले, "दीकरा, बोल काहीतरी. आपल्याच चटईला तू खराब म्हणालास. मी ऐकलं तुझं. वीस गिऱ्हाइकांना तोंडानं सांगितलं."

निखिल ओरडला, "मी सांगितलं होतं त्याला! दहा वेळा सांगितलं, देवीला मागे ठेव, तू पुढे बस! ऐकलंच नाही त्यानं!"

सरलाबाई त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्याच्या खांद्याएवढ्याही त्या भरत नव्हत्या.

"पुढे बस म्हणालास?" त्यांनी विचारलं. "गाडी चालवणाऱ्याला पुढे बस असं कोण सांगतं रे?"

तो जिन्याच्या पायरीवर बसला. मग सगळं बाहेर आलं. गाडी तोच चालवत होता. पाहुणे येऊन बसले होते, उशीर झाला होता, फोनवर बोलता बोलता तो ट्रक दिसलाच नाही. ललित मागे, मधोमध, हात लांब करून पाट सावरत बसलेला. आदळली तेव्हा चालवणाऱ्याची एअरबॅग उघडली. ललित दोन सीटांच्या मधून पुढे फेकला गेला. मागेही पट्टा होता. त्यानं देवीला पट्टा लावला, स्वतःला लावला नाही.

"खोटं एकच बोलायचं होतं," निखिल म्हणाला. "की तो चालवत होता. मग मला बसायला जागा हवी होती. मागे होतो म्हणावं तर मागचा पट्टा लावलेलाच नव्हता, आणि मला ओरखडाही नाही. आणि पुढे बसलो म्हणावं तर चटई…"

"चटई मधे आली," सरलाबाई म्हणाल्या. "माझा पोर मधे आला. मेल्यावरसुद्धा."

नूतन फोन काढून पोलिसांशी बोलायला बाजूला गेली. हसमुखभाई हात जोडून उभे होते. "बेन, काय करू सांगा. तुम्ही म्हणाल ते."

"कागद आणा."

त्यांनी आणला, कोरा. सरलाबाईंनी तो गाडीच्या चेपलेल्या टपावर ठेवला आणि पेन मागितलं. "तुम्ही ज्या वीस जणांना तोंडानं सांगितलंत, त्यांना आता लिहून सांगायचं. चटई बरोबर होती. बनवणाराही बरोबर होता. मी सांगते, तुम्ही लिहा. खाली तुमची सही. आज माझी नाही." मग त्या हमालांकडे वळल्या. "उतरवा रे त्या चटया. ललितच्या नावानं जातील त्या, भंगारात नाही. पुढे मांडीवर बाळ घेऊन बसणाऱ्या बाया अजून खूप आहेत."

वाल्मिकनं पहिली चटई स्वतः उचलली.

घरी येऊन सरलाबाईंनी पाटावरची वाळू माठाखाली पसरली. योगिताची मुलगी पोटावर सरपटत आली आणि त्या ओल्या वाळूत तिनं मूठ खुपसली. कमल तिला ओढायला धावली.

"राहू दे," सरलाबाई म्हणाल्या. "तिच्या मामाची आहे."

पोलिसांच्या कागदावर पुढे जे दुरुस्त झालं, ते असं. ललित भिकन बोरसे, वय अठ्ठावीस, राहणार पांडेसरा, सुरत. सोमवार, बारा ऑगस्ट दोन हजार चोवीस रोजी, पर्वत पाटियाजवळ, दुसरा चालवत असलेल्या गाडीत मागच्या सीटवर बसलेला असताना वारला.